जुलैत या!

मी मावळातला भातशेतकरी. दर हिवाळ्यात एखाद्या शाळेचा फोन येतो. "मुलांना शेत दाखवायचंय, डिसेंबरात आलो तर चालेल ना?" या की! पण तोवर इंद्रायणी भात कापून, झोडून घरात आलेलं असतं. खाचरात उरतात ती खोडकी. म्हणून मी म्हणतो, जुलैत या, लावणीला. मग पलीकडे जरा शांतता. पाऊस असेल, चिखल असेल, पालक काय म्हणतील?

गेल्या वर्षी पुण्याच्या एका बाईंनी मनावर घेतलं. माझी एकच अट होती, दिवस पाऊस ठरवील. रोप 21 ते 25 दिवसांचं झालं की लावायचं. उशीर झाला की फुटवे कमी येतात. बाईंनी पालकांना तारीख न कळवता आठवडाच कळवला. हुशार बाई!

पाचवीची 40 मुलं आली. पायाला जखम असलेल्यांना बांधावर बसवलं. चिखलपाण्यातून लेप्टोची लागण होऊ शकते, तिथं धाडस नको. बाकीची अनवाणी उतरली. आम्ही चारसूत्री पद्धतीने लावतो. दोरीवर 15 आणि 25 सेंटिमीटरच्या आलटून-पालटून खुणा असतात. खुणेवर दोन-तीन रोपांचा एकेक चूड लावायचा. जवळजवळच्या चार चुडांच्या मधोमध खताची एक गोळी बोटाने खोल दाबायची. "शंभर चुडांना गोळ्या किती?" मी विचारलं. बांधावरून एक मुलगी ओरडली, "पंचवीस!" मग बाईंनी तिथंच पुढचं गणित घातलं. एक गोळी 40 सेंटिमीटरच्या चौकोनाला, तर गुंठ्याला किती? उत्तर 630च्या आसपास आलं. एवढ्या वेळा वाकायचं, हे ऐकून एकाने लावणीवाल्या मावशींना विचारलं, "पाठ दुखत नाही?"

"दुखती की रं. पण रोपं थांबत्यात व्हय?"

मुलांनी तीन ओळी लावल्या. खरं सांगतो, त्यातल्या दोन आम्ही नंतर पुन्हा लावल्या. अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. शाळांनी शेतकऱ्याला हा खर्च द्यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पावसावर दिवस ठरला की शाळेचं वेळापत्रक बिघडतं म्हणाल, तर कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. मुलं गुरं घेऊन रानात जात, म्हणून शाळाच त्यांच्यामागे रानात गेली. मी तर वर्षातला एकच दिवस मागतोय.

कापणीलाही मुलं येणार होती, आपल्या ओळीच्या लोंब्या मोजायला. पण भात पिकलं ऐन दिवाळीच्या सुट्टीत. मग त्या एका ओळीच्या लोंब्या वेगळ्या बांधून मी बाईंकडे पाठवून दिल्या.