वायच हळू! व्हॉल्व्ह ॲम्पचा ट्रेमोलो आपल्या गाण्याच्या लयीत

(पॉडकास्टच्या या भागाचं लेखी रूप. ऐकायचं राहिलं असेल तर वाचा, वाचून झालं तरी एकदा हेडफोन लावून ऐका.)

कणकवलीतून बोलतोय. बाहेर पाऊस आहे, त्यामुळे मागे पत्र्याचा आवाज आला तर समजून घ्या. दिवसा मी सॉफ्टवेअर लिहितो, रात्री गिटार आणि जुनी इलेक्ट्रॉनिक्स. आजचा विषय दुसऱ्या खात्यातला: व्हॉल्व्हवाल्या गिटार ॲम्प्लिफायरमधला ट्रेमोलो आणि त्याचा वेग.

आधी ट्रेमोलो म्हणजे काय ते बघू. एक सूर धरून ठेवा आणि व्हॉल्यूमचं बटण एका लयीत कमी-जास्त, कमी-जास्त करत राहा. सूर तोच, फक्त आवाज लहान-मोठा होतोय. हा ट्रेमोलो. सूरच वर-खाली हलला तर तो व्हायब्रेटो. गंमत म्हणजे फेंडर कंपनीने ही दोन्ही नावं उलटी वापरली. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवरचा दांडा सूर हलवतो, त्याला म्हटलं ट्रेमोलो. पुढे साठच्या दशकातल्या ॲम्पवर आवाज लहान-मोठा करणाऱ्या चॅनलला नाव दिलं व्हायब्रेटो. त्यामुळे नेटवर शोधताना दोन्ही शब्द टाकून बघा.

हे प्रकरण आपल्याला अगदीच परकं नाही. दशावताराला बसला असाल तर पायपेटी ऐकलीच असेल. काही हार्मोनियममध्ये ट्रेमोलोची खुंटी असते. ती ओढली की आतली झडप हवेने थरथरते आणि सूर लहरायला लागतो. पण तिचा वेग भात्यातल्या हवेवर. वादकाला वेगळा ठरवता येत नाही. आणि व्हॉल्व्हवरचं थरथरणारं वाद्य म्हणाल तर १९५४ चा 'नागिन' आठवा. त्यातली ती पुंगी म्हणजे खरी पुंगी नाही. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन वाजवलं होतं. व्हॉल्व्हवर चालणारा हा छोटा कीबोर्ड फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिनने १९४७ मध्ये तयार केला, आणि त्यात व्हायब्रेटोची सोय होती. म्हणजे व्हॉल्व्हने हलवलेला सूर आपल्या आजीनेसुद्धा ऐकलाय, फक्त तिला कोणी सांगितलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. मालवणकडच्या माझ्या एका मित्राच्या मामांनी बोटीवर नोकरी करताना एक अमेरिकन बनावटीचा व्हॉल्व्ह ॲम्प आणला होता. मामा आता नाहीत. ॲम्प मित्राकडे आला. त्यांच्या चर्चच्या बँडमध्ये तो वाजवायचा होता, पण ट्रेमोलो लावला की आवाज नुसता धडधडायचा. वेगाचं बटण सगळ्यात खाली आणलं तरी तेच. बँडमधल्या कीबोर्डवाल्याने सांगितलं, "अरे वायच हळू कर, ऐकताना धाप लागता!" शहरातल्या एका दुकानाने फोटो बघूनच निकाल दिला की ट्रेमोलो बाद आहे, भंगाराच्या भावात घेतो. मित्र विकायला निघाला होता. मामांची घरात उरलेली तेवढीच एक वस्तू. म्हटलं थांब, आधी मोजू तरी.

मोजायला काय लागतं? तुमच्या हातात आहे तोच फोन. एक तार छेडा, सूर धरून ठेवा, दहा सेकंद रेकॉर्ड करा. मग ऑडॅसिटीसारख्या मोफत ॲपमध्ये उघडा. लाटेवर फुगवटे स्पष्ट दिसतात, ते मोजा. आमच्याकडे बटण सगळ्यात खाली असताना दहा सेकंदांत ५५ आले. म्हणजे सेकंदाला साडेपाच.

आता गाण्याला किती हवेत? त्यांचं गाणं मिनिटाला ८० ठोक्यांचं. एका ठोक्यात तीन लहरी बसवायच्या तर ८० गुणिले ३ भागिले ६०, म्हणजे सेकंदाला ४. हिशोब एवढाच. दोष ॲम्पमध्ये नव्हता, साडेपाच आणि चारच्या मधल्या अंतरात होता.

मग हा वेग ठरतो कुठे? ट्रेमोलोसाठी ॲम्पमध्ये एक वेगळा छोटा व्हॉल्व्ह असतो, बऱ्याचदा १२एएक्स७ चा अर्धा भाग. तो सिग्नल उलटा करतो. तो उलटा सिग्नल तीन पायऱ्यांमधून फिरवून पुन्हा त्याच्याच तोंडात घालतात. प्रत्येक पायरीत एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर. आपले जुने मेकॅनिक कपॅसिटरला कंडेन्सर म्हणतात. प्रत्येक पायरी सिग्नलला थोडा उशीर करते. तीन पायऱ्यांचा मिळून उशीर बरोबर अर्ध्या फेरीचा झाला, की उलटा सिग्नल सुलटा होऊन परत येतो आणि व्हॉल्व्ह स्वतःलाच झोके द्यायला लागतो. हा झोका म्हणजेच ट्रेमोलोचा वेग. पुढे तो झोका काही ॲम्पमध्ये पॉवर व्हॉल्व्हच्या बायसला हलवतो. काहींमध्ये निऑनचा चिमुकला दिवा लुकलुकवतो आणि शेजारचा प्रकाशाला जागणारा रेझिस्टर आवाज कमी-जास्त करतो.

तिन्ही पायऱ्या सारख्या धरल्या तर सूत्र सोपं आहे: १ भागिले (२ पाय गुणिले ६ चं वर्गमूळ गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर). १० लाख ओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरॅड टाका, उत्तर येतं सेकंदाला साधारण साडेसहा. तिन्ही कपॅसिटर ०.०२ केले की वेग बरोबर निम्मा, सव्वातीन. एकच दुप्पट केला तर वेग साधारण पाचव्या हिश्शाने उतरतो. म्हणजे वेग हा काही ॲम्पचा स्वभाव नव्हे. माझ्या भाषेत सांगायचं तर कोडमध्ये कोणीतरी लिहून ठेवलेला एक कॉन्स्टंट. वेगाचं बटण त्यातला एक रेझिस्टर बदलतं, पण ठरलेल्या हद्दीतच. ती हद्दच सरकवायची तर कपॅसिटर बदलायचा.

पण थेट कपॅसिटरवर उडी मारू नका. आपल्या कोकणात आधी दमट हवेचा बंदोबस्त. या सर्किटमध्ये रेझिस्टर लाखांच्या घरातले असतात. त्यावर ओल आणि धूळ बसली की वीज भलत्या वाटेने पाझरते, आणि ट्रेमोलो कमजोर होतो किंवा बंदच पडतो. बटणाच्या आतला पट्टा मळला की त्याची पूर्ण किंमत मिळत नाही. ट्रेमोलो अजिबात चालत नसेल तर आणखी एक गोष्ट बघा: बऱ्याच जुन्या ॲम्पमध्ये पायाचा स्विच जोडल्याशिवाय ट्रेमोलो सुरूच होत नाही. कित्येक ॲम्प एवढ्यावरून बाद ठरत असतील!

आता नीट ऐका. हा भाग पळवू नका. व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये ४०० व्होल्ट आणि त्याहून जास्त डीसी असतं. प्लग काढला तरी मोठे फिल्टर कपॅसिटर ते धरून बसतात. हा शॉक जीव घेऊ शकतो. यूट्यूब बघून झाकण उघडायचं नाही. दुसरं म्हणजे, अमेरिकन ॲम्प १२० व्होल्टचा असतो आणि आपल्याकडे २३०. मध्ये योग्य क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि अर्थिंग खरं हवं, नुसतं तीन पिनांचं दाखवायचं नको.

आम्ही काय केलं? बाजारातल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिक काकांकडे गेलो. व्हॉल्व्हच्या रेडिओवर त्यांचा हात बसलेला. त्यांनी आधी फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे केले, मीटर लावून खात्री केली आणि मगच हात घातला. मी शेजारी बसून वहीत लिहीत होतो. पहिल्यांदा फक्त साफसफाई: बटणात कॉन्टॅक्ट क्लीनर, बोर्डावरची धूळ काढली. ५५ चे ४८ झाले. मग ०.०१ च्या दोनपैकी एक कपॅसिटर काढून ०.०२ चा लावला, ६०० व्होल्टचा. दहा सेकंदांत ३८. बटण किंचित वर केलं की बरोबर ४०. पार्टचा खर्च दोन चहा-वड्यांइतका.

काकांनी तिथे मला थांबवलं. मला अजून हळू करून बघायचं होतं. ते म्हणाले, "खूप ओढशील तर झोकोच पडाचो नाय." खरंच आहे. कपॅसिटर वाढवत गेलं की एका टप्प्यानंतर काही ॲम्पमध्ये झोका अशक्त होतो, व्हॉल्व्ह जुना असेल तर थांबतोसुद्धा. म्हणून एका वेळी एकच पार्ट, प्रत्येक बदलानंतर मोजणी, आणि काढलेला पार्ट चिठ्ठीसकट आतच चिकटवून ठेवायचा. उद्या कोणाला मूळ ॲम्प हवा असेल तर पाच मिनिटांत रोलबॅक. वाडवडलांच्या वस्तूत हात घालताना एवढं भान हवंच.

मित्राने ॲम्प विकला नाही. बँडमध्ये आता तो प्रत्येक गाण्याआधी बटण फिरवतो, आणि त्याच्या बाजूला त्याने पेन्सिलने खुणा केल्यात: ८० ठोक्यांना इथे, ९० ला इथे.

तुमच्या घरात माळ्यावर असा जुना ॲम्प, रेकॉर्ड प्लेयर, व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर कोणी "बाद" म्हटलं म्हणून देऊन टाकू नका. काय बाद आहे, किती बाद आहे, असं आकड्यात विचारा. आकडा सांगता आला नाही, तर त्याने तपासलेलंच नाही. आणि गावातले व्हॉल्व्ह जाणणारे काका आहेत तोवर त्यांच्या शेजारी एक दुपार बसा. वही घेऊन बसा.

दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करून पाठवा, पुढच्या भागात आपण मिळून लहरी मोजू. तोवर येवा, ऐकत राहा!