उरलेल्या मेणाची नवी मेणबत्ती

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात भरलेल्या कार्यानुभव प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी शाळेच्या एका निवृत्त विज्ञानशिक्षकांनी केलेले भाषण)



आज सायंकाळी या प्रांगणात शाळेच्या ६० वर्षांच्या ६० मेणबत्त्या लागणार आहेत. त्या बाजारातून आणलेल्या नाहीत. आपल्या मुलांनी घरोघरी जाऊन जळून उरलेली मेणबत्त्यांची थोटके गोळा केली आणि त्यांतून त्या घडवल्या. कोणाकडे दिवाळीची होती, कोणाकडे नाताळची, कोणाकडे वाढदिवसाची. बरीचशी वीज गेल्यावर लावलेली. मला उद्घाटनाचे चार शब्द बोलायला सांगितले आहे. मी या मेणबत्त्यांविषयीच बोलेन.

या बुटक्या मेणबत्तीला इंग्रजीत ‘व्होटिव्ह’ म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी नवस या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. म्हणजे ही नवसाची मेणबत्ती. माझे बालपण मुंबईत गेले. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या सप्टेंबरातल्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे आणि बाहुल्या विकायला असत. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्याला घर हवे तो मेणाचे घर. तिथे सर्व धर्मांची माणसे जात. मनातली इच्छा हाताने घडवलेल्या वस्तूत ठेवावी, ही कल्पना मला तेव्हापासून भावली आहे.

आता कृतीकडे वळू. प्रथम थोटके रंगांप्रमाणे वेगळी करावीत. मेण कधीही थेट आचेवर ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवावे आणि त्यात मेणाचे लहान भांडे बसवावे. पाण्यामुळे मेणाचे तापमान शंभर अंशांच्या आत राहते. थेट आचेवर ते २०० अंशांच्या आसपास गेले, तर त्याची वाफ पेट घेऊ शकते. तसे झालेच तर पाणी मुळीच ओतू नये, भडका उडतो. आच बंद करून झाकण ठेवावे. आपल्या मुलांनी हे सर्व शिक्षकांच्या देखरेखीखाली केले, हे पालकांनी नोंदवून घ्यावे.

वितळलेले मेण विरळ फडक्यातून गाळले की जळक्या वाती आणि काड्या निघून जातात. मग ते तेल लावलेल्या ताटात सुमारे एक सेंटिमीटर जाडीचे ओतायचे आणि घट्ट होत आले की सुरीने चौकोन पाडायचे. ही सगळी रीत नारळाच्या वडीची. म्हणून ज्या मुलींनी आणि मुलांनी घरी आईला वड्या पाडताना पाहिले होते, त्यांना काही शिकवावे लागले नाही. रंग फिका वाटला तर मेणात विरघळणारा रंगच घालावा. पाण्यातला रंग मेणात मिसळत नाही आणि रंगीत खडूंचे कण वातीत अडकून ज्योत मंदावते.

या रंगीत वड्या लहान पेल्यात सैलसर भरायच्या, मध्ये मेणात बुडवून ताठ केलेली सुती वात उभी धरायची आणि वरून साधे पांढरे मेण ओतायचे. सगळे कौशल्य या एका ओतण्यात आहे. मेण फार तापलेले असेल तर वड्या वितळतात, रंग एकमेकांत मिसळतात आणि मळकट तपकिरी गोळा हाती येतो. मेण निवत आलेले असेल तर ते वड्यांना धरत नाही. फटी राहतात आणि साच्यातून काढताना तुकडे सुटतात. ७० अंशांच्या पुढे आणि ८० अंशांच्या आत ओतले, की वडीचा फक्त पृष्ठभाग किंचित वितळतो आणि नव्या मेणाला चिकटतो. आतली वडी आपल्या रंगानिशी तशीच राहते.

थंड होताना मेण आकसते आणि वातीभोवती खळगा पडतो. तो दुसऱ्यांदा मेण ओतून भरावा लागतो. मग रात्रभर थांबायचे. घाई केली तर मेणबत्ती साच्यातून अखंड निघत नाही.

मायकेल फॅरेडे यांनी १८६०च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. मीही या शाळेत अनेक वर्षे ज्वलन शिकवताना वर्गात मेणबत्ती लावत आलो. पण मेण किती तापलेले असताना ओतावे, हे मला विज्ञानाच्या तासाला समजले नाही. त्याची एक गोष्ट सांगतो.

मी हैदराबादेत नवा होतो. पाचवीत एक मुलगा काहीही नको असले की ‘नक्को’ म्हणे. गल्लीतल्या दखनीचा तो शब्द. मी त्याला वर्गासमोर उभे केले आणि शुद्ध मराठीत ‘नको’ दहा वेळा म्हणायला लावले. मुले हसली. त्यानंतर तो माझ्या तासाला बोललाच नाही. विचारले तर मान हलवी. पुढच्या वर्षी त्याचे नाव हजेरीपटावर नव्हते. तो कोणत्या शाळेत गेला हे मी विचारले नाही. आणखी काही वर्षांनी मला कळले, की दखनीतला ‘नक्को’ हा आपल्याच ‘नको’चा वंशज आहे. ज्या शब्दासाठी मी त्याला गप्प केले, तो मराठीनेच या शहराला दिलेला होता.

मित्रहो, माझे मेण तेव्हा फार तापलेले होते. शुद्धतेच्या आग्रहापायी मी त्या मुलाचा रंग वितळवून टाकला. याच्या उलट चूकही मी पाहिली आहे. मुलांना जमेल तसे बोलू द्यावे, मराठी आली काय अन् न आली काय, अशी कोमट उदासीनता. तिथे काहीच एकमेकांना धरत नाही. आपल्या मुलांच्या घरी मराठी, अंगणात तेलुगू, रस्त्यावर दखनी आणि पुढे महाविद्यालयात इंग्रजी असते. ते सगळे राखून त्यांना जोडणारे मेण म्हणजे या शाळेची मराठी. ती किती ऊब घेऊन ओतावी, हा प्रत्येक शिक्षकापुढचा रोजचा प्रश्न आहे. एके काळी पाचवीच्या दोन तुकड्या भरत. आज एक आहे. म्हणून हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा अधिक जपून सोडवावा लागेल.

सायंकाळी मेणबत्त्या लावताना वात पाव इंचाएवढी कापून घ्या आणि मेणबत्ती बसत्या आकाराच्या काचेच्या पेल्यातच ठेवा, कारण जळताना ती पूर्ण पातळ होते. पेटती सोडून कोणी दूर जाऊ नका. आणि पेल्याच्या तळाशी जे मेण उरेल, ते फेकू नका. कार्यालयाबाहेर एक डबा ठेवला आहे, त्यात टाका. पुढच्या वर्षीच्या पाचवीला ते लागणार आहे.