वर्गातील मौन, ग्रामसभेतील मौन



शिक्षणाचा विचार करण्यास वर्ध्याइतके उचित स्थान विरळाच. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन समितीने तिच्या विचारांस योजनेचे रूप दिले आणि सेवाग्रामी आर्यनायकम् दांपत्याने ती योजना आचरणात आणली. टकळी हाती घेतलेल्या मुलास सुताविषयी, कापसाविषयी प्रश्न पडावेत आणि त्यांच्या उत्तरांतून गणित व भूगोल उलगडावेत, अशी ती कल्पना होती. प्रश्न हा नई तालीमचा प्राण होता.

आज महाविद्यालयात प्राध्यापक विचारतात, "काही शंका?" आणि वर्ग स्तब्ध राहतो. ही स्तब्धता नेहमीच अज्ञानाची नसते. आर्वी, कारंजा, समुद्रपूरकडील खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या ओठी घरची वऱ्हाडी वळणाची बोली असते. आपले बोलणे हास्यास्पद ठरेल, या भयाने तो गप्प बसतो. विद्यार्थिनींच्या बाबतीत हा संकोच दुणावतो.

उपाय खर्चाचे नाहीत. प्रश्न विचारल्यावर शिक्षकाने स्वतःच उत्तर देण्याची घाई करू नये, क्षणभर थांबावे. प्रथम शेजाऱ्याशी चर्चा करू द्यावी, मग वर्गापुढे बोलण्यास सांगावे. उत्तर बोलीत आले तरी आशय स्वीकारावा. प्रमाण शब्द मागाहून सुचवावा. ज्याचे धाडस होत नाही, त्याचा प्रश्न चिठ्ठीवर घ्यावा. विषयही जवळचा असावा. अर्थशास्त्राच्या तासाला मागणी-पुरवठ्याची व्याख्या विचारण्याऐवजी "कापूस वेचणीनंतर लगेच विकावा की घरी साठवावा?" असे विचारून पाहावे. शेतकऱ्याच्या मुलाजवळ या प्रश्नावर सांगण्यासारखे पुष्कळ असते. अभ्यासक्रम मागे पडेल, ही शंका रास्त आहे. परंतु आठवड्यातील एक तास यासाठी राखणे अशक्य नाही.

पंचायत सदस्यांचाही येथे संबंध येतो. ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय १८ वर्षे झाले. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेस घटनात्मक स्थान लाभले. मतदारयादीत नाव येताच आपला विद्यार्थी ग्रामसभेचा सदस्य होतो. महाराष्ट्रात पंचायतींतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. वर्गात जिने कधी तोंड उघडले नाही, तिने सरपंचपदी बसून अंदाजपत्रकावर प्रश्न विचारावेत, ही अपेक्षा आपण कोणत्या बळावर धरावी? ग्रामसभेत हिशेब मागणारा नागरिक हवा असेल, तर त्याच्या पहिल्या प्रश्नाचे स्वागत वर्गातच झाले पाहिजे.