हात विसरतो
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजक म्हणाले, ‘तू लोखंडातला माणूस, आपल्या पाणबुड्यांवर बोल.’ मी पाणबुडी बांधलेली नाही. पण नोकरीभर वेल्डिंगचे सांधे तपासले, म्हणून त्याच बाजूनं बोलतो.

पाणबुडी ३०० मीटर खोल गेली की तिच्या कवचाच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३० किलोचा भार येतो. सांध्यात बारीकशी चीर राहून चालत नाही. असा सांधा भरणारा वेल्डर पुस्तक वाचून तयार होत नाही. त्याला वर्षं लागतात.

आपल्या देशानं ही विद्या एकदा मिळवली होती. १९८१ मध्ये जर्मन कंपनीशी करार झाला. दोन पाणबुड्या तिकडे कील इथं बांधल्या गेल्या. आपली माणसं तिथं जाऊन शिकली आणि पुढच्या दोन मुंबईत, माझगाव डॉकमध्ये बांधल्या. १९९२ मध्ये ‘शल्की’ नौदलात आली. ती भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. १९९४ मध्ये ‘शंकुल’ आली.

आणि तिथंच खंड पडला. खरेदीवर आरोप झाले होते, आणखी दोन बांधायचा बेत बारगळला. शिकलेले हात पांगले. पुढच्या ‘कलवरी’चा पत्रा कापायला २००६ उजाडलं आणि ती नौदलात दाखल झाली २०१७ च्या डिसेंबरात. आराखडा फ्रेंच होता आणि बरंचसं शिक्षण पुन्हा घ्यावं लागलं.

हे कसं होतं, ते मी जवळून पाहिलंय. एका कारखान्यात आमच्याकडे दोन वर्षं मोठं काम नव्हतं. काम आलं तेव्हा मशिन जागेवर होती, ड्रॉइंग कपाटात होती, वेल्डरही तोच होता. तरी त्याचे पहिले सहा सांधे एक्स-रेत नापास झाले. शेरा मला लिहावा लागला. तो माझा मित्र होता. काही बोलला नाही, नुसता हाताकडे बघत राहिला.

तेव्हा मला आपले वर्कशॉपचे सर आठवले. दिवाळीच्या सुट्टीनंतर कानस धरली की आपला ठोकळा वाकडाच घासला जायचा. सर रागवायचे नाहीत. म्हणायचे, ‘डोकं विसरत नाही रे, हात विसरतो. घास पुन्हा.’

कलवरीच्या जातीची सहावी पाणबुडी, ‘वाघशीर’, जानेवारी २०२५ मध्ये नौदलात आली. पाणबुडीला पाण्याखाली जास्त दिवस राहता यावं म्हणून अंबरनाथच्या नौदल प्रयोगशाळेनं इंधनघटांची यंत्रणा तयार केली आहे. २०२१ मध्ये तिची जमिनीवर चाचणी झाली. आता आराखडाही आपलाच हवा. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुन्हा खंड पडू नये. स्वावलंबन विकत आणून कपाटात ठेवता येत नाही.

शेवटी एक विनंती. आपल्या शाळेचं वर्कशॉप बंद आहे. सकाळी मी खिडकीतून पाहिलं, व्हाइस गंजलेत. आपण जमवलेला निधी प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी आहे. कमान एक वर्ष थांबू शकते. आधी त्या खोलीचं कुलूप काढू या. आठवड्यातून एक दिवस शिकवायला मी येईन.