जूनमधला बास: मासा गेला कुठे, आणि हातात आल्यावर काय?

(या भागाचं शब्दरूप. बोलताना अडखळलेलं थोडं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावा, चहा घ्या. आज आपण जाणार आहोत टेक्ससमध्ये, सॅम रेबर्न जलाशयावर, लार्जमाउथ बास पकडायला. एप्रिलमध्ये काठावरून मासे मिळत होते आणि जून लागला की एकदम सगळं शांत, असा अनुभव आलेल्यांसाठी हा भाग आहे. शेवटी माझी एक चूकही सांगणार आहे. ती ऐकल्याशिवाय बंद करू नका, कारण आधीचं सगळं तिच्यासाठीच सांगतोय.

आधी जागा समजून घेऊ. सॅम रेबर्न हे अँजेलिना नदीवरचं धरण. 1965 मध्ये पाणी अडवलं. जलाशय पसरलाय 1,14,500 एकरांवर, म्हणजे साधारण 460 चौरस किलोमीटर. बृहन्मुंबई महापालिकेची हद्द डोळ्यांसमोर आणा, जवळपास तेवढं पाणी. सगळ्यात खोल जागा 80 फूट. आता एवढ्या पाण्यात हातभर मासा शोधायचा कसा?

मागच्या वर्षी जूनच्या सुरुवातीला बाबा आले होते, त्यांना घेऊन गेलो. बाबांचं लहानपण इंदापूर तालुक्यातलं. उजनीचं पाणी चढताना त्यांनी पाहिलंय. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, ते आपल्यापैकी बऱ्याच जणांनी फोटोत तरी बघितलं असेल. तर बोटीवरच्या स्क्रीनवर मी तळाचा नकाशा लावला आणि बाबा चष्मा पुसून म्हणाले, "अरे, हे तर बुडीत क्षेत्र आहे. ही बघ डोंगराची सोंड, हा ओढा, आणि हे नदीचं जुनं पात्र. मासा शोधतोयस ना? मग ओढा नदीला मिळतो तिथे बघ."

बाबांनी आयुष्यात बास पाहिला नव्हता. पण मला तीन वर्षं लागली ते समजायला, ते त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. वरचं पाणी बघू नका, पाण्याखालची जमीन बघा.

आता कारण ऐका. पूर्व टेक्ससमध्ये बास साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात अंडी घालतो. तेव्हा तो उथळ पाण्यात, काठाजवळ असतो, म्हणून सगळ्यांना मिळतो. अंडी घातली की मादी आधी निघून जाते. नर काही दिवस घरटं आणि पिल्लं राखतो, मग तोही निघतो. दोघंही दमलेले, भुकेले. मे-जूनमध्ये ते हळूहळू खोल पाण्याकडे सरकतात आणि जाताना वाट धरतात ती जुन्या ओढ्यांची. आपण जसे गावाहून येताना फाट्यावर थांबतो ना, तसे ते सोंडेच्या टोकाला, ओढ्याच्या वळणावर, पाण्याखालच्या टेकाडावर थांबतात. जून म्हणजे या प्रवासाचा काळ. काही मासे अजून उथळ पाण्यात, काही वाटेत, काही मुक्कामाला पोहोचलेले. म्हणून मी दिवसाचे तीन भाग करतो.

पहिला भाग, पहाट. उजाडायच्या आधी पाण्यावर असायचं. सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो, आणि त्याच्या आसपासचा तास-दीड तास सोन्यासारखा. पाणवनस्पतींच्या कडेला शॅड नावाचे चंदेरी छोटे मासे असतात, त्यांच्या मागे बास. या वनस्पतींमध्ये मुख्य हायड्रिला. हो, तीच! शाळेत उलट्या नरसाळ्याखाली ठेवून ऑक्सिजनचे बुडबुडे दाखवतात ना, ती. तिकडे ती बाहेरून आलेली आहे, बोटवाल्यांना त्रास देते, पण बासला तिच्यात घर मिळतं.

इथे वापरायचं पाण्यावर तरंगणारं ल्यूर. एक पॉपर, म्हणजे पुढून वाटीसारखं तोंड असलेलं. दोरीला झटका दिला की 'पॉक' करून पाणी उडवतं. दुसरं वॉकिंग बेट, जे डावीकडे-उजवीकडे वळत नागमोडी येतं. दोरी फ्लुरोकार्बनची नको, ती बुडते आणि ल्यूरचं तोंड खाली ओढते. साधी मोनो किंवा ब्रेड लावा. आणि महत्त्वाचं, पाणी फुटलं की लगेच ओढू नका! माशाचं वजन हाताला लागू द्या, मग ओढा. मी किती मासे या घाईत घालवलेत, मोजदाद नाही.

याच दिवसांत ब्लूगिल नावाचे छोटे मासे उथळ पाण्यात घरटी करतात. तळाशी ताटाएवढे गोल खड्डे शेजारी शेजारी दिसले तर समजा वसाहत सापडली. मोठा बास आसपास घिरट्या घालतोच.

दुसरा भाग, साधारण आठ ते अकरा. ऊन चढलं, वरचा खेळ संपला. आता त्याच वनस्पतींच्या बाहेरच्या कडेला या, जिथे झाडी संपून खोल पाणी सुरू होतं. इथे टेक्सस रिग. गोळीच्या आकाराचं वजन दोरीत मोकळं ओवायचं, खाली हुक, आणि रबरी गांडुळाच्या अंगात हुकाचं टोक लपवायचं, म्हणजे झाडीत अडकत नाही. पूर्व टेक्ससमध्ये जांभळट, आलुबुखाऱ्याच्या रंगाचं दहा इंची गांडूळ उन्हाळ्यात फार चालतं. टाका, तळाला जाऊ द्या, हळूच उचला, परत सोडा. बहुतेक वेळा मासा ते खाली जातानाच घेतो. त्यामुळे दोरीवर नजर ठेवा. दोरी बाजूला सरकली की समजायचं, पाहुणा आला.

तिसरा भाग, अकरानंतर, आणि इथे बाबांचा सल्ला कामाला येतो. सोंडेचं टोक, ओढा आणि नदीचा संगम, 12 ते 20 फुटांवरची टेकाडं. इथे दोन हत्यारं. एक, खोल जाणारं क्रँकबेट. पुढच्या मोठ्या पट्टीमुळे ते खाली बुडी मारतं. ते तळावर आपटलं पाहिजे. नुसतं मधल्या पाण्यातून पोहत आलं तर उपयोग कमी. दगडाला, खुंटाला धडकून बाजूला उडालं की त्या क्षणी मासा मारतो. दुसरं, कॅरोलायना रिग. पाऊण ते एक औंसाचं वजन, मणी, मग फिरकी, आणि फिरकीपासून दोन-तीन फूट मोकळी दोरी, तिच्या टोकाला रबरी आमिष. वजन तळावर घासत जातं, आमिष मागून तरंगत येतं. नवख्यांसाठी याच्यासारखा गुरू नाही, कारण तळ वाळूचा, चिखलाचा की खड्यांचा, हे सगळं हाताला कळतं.

किती खोल जायचं? उन्हाळ्यात जलाशयाच्या पाण्याचे थर होतात. वर गरम आणि हलकं, खाली थंड आणि जड. दोन्ही मिसळत नाहीत, त्यामुळे खालच्या थरात हळूहळू ऑक्सिजन संपत जातो. त्या सीमेला थर्मोक्लाइन म्हणतात. सोनारची संवेदनशीलता वाढवली की स्क्रीनवर धूसर पट्टा दिसतो, तोच तो. एकदा हे थर पक्के झाले की त्या पट्ट्याखाली ल्यूर सोडणं म्हणजे रिकाम्या घराची बेल वाजवणं. म्हणजे बघा, वरून ऊन आणि खालून ऑक्सिजनची कमतरता, मध्ये मासा अडकलेला. म्हणूनच तो ठरावीक जागी, थव्याने सापडतो.

बोट नाही? काही हरकत नाही. पहाटे धरणाच्या दगडी उतारावरून पॉपर टाका. आणि टेक्ससमध्ये जूनचा पहिला शनिवार म्हणजे फ्री फिशिंग डे, त्या दिवशी सार्वजनिक पाण्यात लायसन्स लागत नाही. इतर दिवशी 17 वर्षं आणि त्यापुढच्यांना लागतं. बोट असेल तर लाइफ जॅकेट अंगात, आणि इंजिन बंद करणारी दोरी कमरेला. पाण्याखाली झाडांचे खुंट आहेत, एक धक्का पुरतो. दुपारी ढग गडगडले की सरळ काठ गाठा.

आता ती चूक.

बाबांनी दाखवलेल्या संगमावर, 16 फुटांवर, साडेअकराच्या सुमारास कॅरोलायना रिगला झटका बसला. मादी होती, साडेतीन किलोच्या वर. माझी तोपर्यंतची सगळ्यात मोठी. बाबा टाळ्या वाजवत होते. मी आधी काट्यावर वजन केलं. मग फोटो. तो नीट आला नाही, म्हणून परत. मग ती लाइव्हवेलमध्ये ठेवली, कारण एक मित्र दुसऱ्या बोटीतून येणार होता, त्याला दाखवायची होती. पंप मी टायमरवर ठेवला होता, सतत चालू नव्हता. वरचं पाणी 30 अंशांच्या आसपास. मित्र तासाभराने आला. तोवर ती आडवी झाली होती.

मी तिला पाण्यात धरून पुढे-मागे करत राहिलो. ती एकदा हलली, खाली गेली, आणि थोड्या वेळाने पांढरं पोट वर करून बोटीपासून थोड्या अंतरावर वर आली.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खायचा नव्हता, तर मग कशासाठी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मंडळी, 22 पौंड 4 औंसांचा जो जागतिक विक्रम आहे, तो जॉर्ज पेरीने जॉर्जिया राज्यात 2 जून 1932 ला पकडला. मंदीचे दिवस होते, त्याच्या घरच्यांनी तो खाल्ला. मला त्यात काही वावगं वाटत नाही. कायद्यात बसणारा मध्यम मासा घरी नेऊन तळा, खुशाल. टेक्ससचा सर्वसाधारण नियम आहे किमान 14 इंच आणि दिवसाला पाच. नियम बदलतात, जाण्याआधी बघून घ्या. मोठ्या, वयस्क माशांत पारा साठतो, त्याबद्दल राज्याचं आरोग्य खातं सूचना काढतं, तीही वाचा. पण "मी सोडून देतो" असं अभिमानाने सांगायचं आणि सोडलेला मासा मरायचा, ही स्वतःचीच फसवणूक झाली.

गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि झुंजून दमलेल्या माशाला तो जास्त लागतो. ज्या उन्हामुळे मासा तुम्हाला सापडतो, तेच ऊन तुमच्या हातात त्याला मारतं. कधी तो पोहत जातो आणि नंतर मरतो, आपल्याला कळतही नाही.

म्हणून आता माझे नियम. हात ओले करूनच मासा धरायचा. मोठा असेल तर नुसत्या जबड्याने लटकवायचा नाही, पोटाखाली दुसरा हात. हुक काढायचा चिमटा आणि कॅमेरा आधीच तयार. पाण्याबाहेर एक मिनिटाच्या आत, एक फोटो, आणि परत. जून ते ऑगस्ट लाइव्हवेल वापरत नाही. वापरायची वेळ आलीच तर पंप सतत चालू. फार खोल पाण्यातून काढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि त्याला परत खाली जाता येत नाही, म्हणून 25 फुटांच्या खाली मी उन्हाळ्यात गळ टाकतच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो होतो. त्याच संगमावर बाबांना एक मासा लागला, किलोभराचा. मी मोबाइल काढेपर्यंत त्यांनी तो सोडलासुद्धा. "अहो बाबा, फोटो!" म्हटलं. म्हणाले, "पाहिला ना आपण दोघांनी? झालं."

तर मंडळी, या जूनमध्ये जाल तेव्हा आधी नकाशा उघडा, जुना ओढा शोधा. कुठे काय मिळालं ते मला नक्की कळवा, फोटो नसला तरी चालेल. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!