हुशार मुलांना हवे परीक्षेपलीकडचे शिक्षण



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातील बेलोरा येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. पाचवीतील मुले निवड परीक्षा देतात व सहावीत प्रवेश घेतात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. परंतु एकूण जागा जास्तीत जास्त ८०! बाकीची मुले काय बुद्धीने कमी ठरली? मुळीच नाही. त्यांची जबाबदारी समाज म्हणून आपल्यावर येते.

जो मुलगा किंवा मुलगी गणित चटकन सोडवते, तिला तशीच आणखी वीस उदाहरणे दिली तर ती कंटाळते. तिला शेताचे धुरे मोजून क्षेत्रफळ काढू द्या. बाटलीचे पर्जन्यमापक करून रोजचा पाऊस नोंदवू द्या. घरच्या कापसाचा जमाखर्च मांडू द्या. म्हाताऱ्या माणसांना विचारून गावाचा इतिहास लिहू द्या. याला पैसा फारसा लागत नाही. आस्थेने विचारणारा माणूस लागतो.

बागेत वाचत बसणाऱ्या शाळकरी भीमरावांना कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरले, वाचायला पुस्तके दिली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले.

म्हणून आम्ही सुचवितो : आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात अशा मुलांसाठी राखून ठेवावी. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनो, ती संध्याकाळ तुम्ही द्या. केळुसकर गुरुजींचे काम आता तुमचे आहे.

जय भीम!