कात्रीच्या आधीचा हिशेब



विद्यार्थ्यांनो, मघाशी तुमचे नाच पाहताना माझं लक्ष सारखं पोशाखांच्या शिवणीकडे जात होतं. माझं कामच ते. गांधीजींच्या हस्ते १९३८ साली उघडलेलं मगन संग्रहालय ज्या वर्ध्यात आहे, तिथेच आमचं छोटं शिवणघर आहे. हातमागाचं सुती कापड घ्यायचं, झाडपाल्याच्या रंगांत रंगवायचं आणि मागणीपुरतंच शिवायचं.

शिवणकामात कापड वाया जातं ते बेतताना. गोल मुंढे कापले की मधले तुकडे चिंधीत जातात. आपल्या जुन्या शिंप्यांनी यावर केव्हाच तोड काढली होती. कळीचा सदरा उसवून बघा. पुढा-मागा सरळ, बाह्या सरळ, बगलेत चौकोनी तुकडा. आणि कळ्या, म्हणजे बाजूचे तिरके तुकडे? लांबट आयत कर्णावर कापला की दोन कळ्या निघतात, चिंधी पडतच नाही! भूमितीच्या तासाला हे जरूर आठवा. आम्ही आजही असंच बेततो. गळ्याचा गोल तुकडा तेवढा उरतो, त्याने कापडी बटणं मढवतो.

रंगाचं मात्र स्पष्ट सांगते. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असं नसतं. रंग पक्का बसावा म्हणून काही जण मोरचूद वापरतात. ते पाणी ओढ्यात गेलं की माशांना विष होतं. आम्ही हिरडा आणि तुरटीवर थांबतो. त्यामुळे काही छटा मिळत नाहीत, गिऱ्हाईक परत जातं. जाऊ दे. मंजिष्ठेचा लाल आहे, डाळिंबाच्या सालीचा पिवळा आहे. नीळ तर बघतच राहावी अशी: कापड रांजणातून हिरवट निघतं आणि वारा लागताच डोळ्यांदेखत निळं होतं.

धागाही सुतीच. तो पॉलिस्टरपेक्षा लवकर तुटतो, म्हणून मशीन हळू चालवावं लागतं. शिवणाऱ्या बायकांना नगावर मजुरी दिली तर त्यांचं नुकसान होईल, म्हणून दिवसाची देतो. सदरा महाग पडतो तो इथे, आणि ही किंमत मी कमी करणार नाही.

मुख्याध्यापक बाईंशी बोलून ठेवलंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवी-नववीच्या सगळ्यांनी आमच्याकडे यावं. येताना घरातला एखादा फाटका कपडा आणा. रफू, हातशिलाई आणि काजं शिकवूनच परत पाठवू. मुलग्यांनो, तुम्हीही यायचं. चला, आता बक्षिसं वाटू या.